नॅरोबोटीवर आठवडाभर राहायचं तर काय काय यायला हवं

कचराळी तलावावर सकाळी भेटणारी दोन कुटुंबं यंदा मुलांकडे इंग्लंडला निघाली आहेत. तिथे नॅरोबोट, म्हणजे आत राहायची सोय असलेली लांब, अरुंद बोट, भाड्याने घेऊन कालव्यांतून फिरायचं त्यांच्या मनात आहे. माझे लेक-जावई मिडलंड्समध्ये अशाच बोटीवर राहतात आणि उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे असतो, म्हणून सगळ्यांनी मलाच धरलं. मी वागळे इस्टेटमधला फिटर, तेव्हा लॉक (बोट वर-खाली करायची पाण्याची खोली) आणि इंजिन यांवर जरा जास्त बोलेन.

बोटीची रुंदी ६ फूट १० इंच, कारण अरुंद कालव्यांवरचे लॉक जेमतेम ७ फुटांचे. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत असते. भाड्याची बोट चालवायला लायसन्स लागत नाही. बोटवाले निघण्याआधी शिकवतात. ते घरातल्या सगळ्यांनी ऐका. टिलरचा, म्हणजे सुकाणूचा, दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. बोट स्वतःच्या मध्यावर फिरते, त्यामुळे नाक इकडे गेलं की मागची बाजू तिकडे जाते. ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा, आणि रिव्हर्समध्ये टिलर फारसा ऐकत नाही. समोरून बोट आली की आपण उजवीकडे व्हायचं. घोडबंदर रोडवर आयुष्यभर डावीकडून गाडी हाकलेल्या माणसाने हे आधीच घोकून ठेवावं.

वेगमर्यादा ताशी ४ मैल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जा, नाहीतर त्यांचे दोर ताणले जाऊन खुंट्या उपटतात. दिवसाचा बेत आखताना तासाला ३ मैल आणि दर लॉकला पाव तास धरा. १२ मैल आणि ८ लॉक म्हणजे सहा तास झाले. बरोबर म्हातारी माणसं असतील तर एवढंसुद्धा नको.

आता लॉक. दोन्हीकडे दारं असलेली पाण्याची खोली, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करायची. पाण्याच्या झडपांना पॅडल म्हणतात आणि ती उघडायचं हँडल म्हणजे विंडलस. वर चढताना पॅडल आधी अर्धंच उघडा, बोट स्थिर आहे हे बघा, मग पूर्ण. उतरताना खरा धोका असतो. वरच्या दाराच्या आत सिल नावाचा दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा पाण्याखाली असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला तर नाक खाली जातं आणि बोट बुडू शकते. काठावर पांढरी रेघ असते, बोट कायम तिच्या पुढे ठेवा. पॅडलपाशी उभ्या माणसाची नजर बोटीवरच हवी. काही अडकलंसं वाटलं तर त्याने विचारत बसू नये, पॅडल ताबडतोब बंद करावं. विंडलस पॅडलच्या दांड्यावर अडकवून सोडू नका. खिट्टी सुटली तर ते गरगर फिरत उडतं आणि हात मोडतो. दार ढकलताना पाठ लावा, हातांनी रेटू नका.

इंजिन रोज सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. संध्याकाळी पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या ग्लँडचा (पाणी अडवणाऱ्या बुचाचा) ग्रीसर घट्ट लागेपर्यंत फिरवा, तिथून पाणी आत झिरपू नये म्हणून. बोट अचानक जड चालायला लागली तर बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी गुंतलंय. इंजिन बंद करा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा, मग मागची वीड हॅच (पंख्यावरचं झाकण) उघडा. दोरी, पिशव्या, जुने कपडे निघतात. सुरी जवळ ठेवा. झाकण परत बसवून आवळलंय याची हाताने खात्री झाल्याशिवाय चावी कोणाला देऊ नका. झाकण सैल राहिलं तर पंखाच इंजिनरूममध्ये पाणी भरतो.

घरकामाचं थोडक्यात. पाणी टाकीतलं, ती नळावर थांबून भरायची. सोसायटीत टँकरचे दिवस काढलेल्यांना काटकसर शिकवायला नको. शौचाची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) भरली की ठरलेल्या जागीच रिकामी करायची. गॅस सिलिंडरवर चालतो, कुकर खुशाल लावा. मिक्सर मात्र नेऊ नका, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांवर ताण येतो. गोडा मसाला, दाण्याचं कूट, वाटणाची पूड घरूनच न्या. थंडी वाजली म्हणून दारातली आणि छतावरची हवेची भोकं कापडाने बुजवू नका, शेगडी पेटवून ऊबही घेऊ नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय ना, बघत जा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी लँगॉलेन कालवा सुचवेन. लॉक कमी, आणि वाटेत पाँटकिसिल्टे जलसेतू लागतो. १८०५ साली पुरा झालेला, दरीवर १२६ फूट उंच लोखंडी पन्हळ, त्यातून बोट जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नातवंडांना तेवढा वेळ आत बसवा, खिडकीतून सगळं दिसतं. नोव्हेंबर ते मार्च बऱ्याच ठिकाणी दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना वाचा.