व्हाइटचॅपलच्या खुनांवरील राजकारण्यांची मते कशी वाचावीत?

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ज्याचे जाणे-येणे आहे, अशा खानदेशी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या आणि आजवर न उलगडलेल्या खुनांबद्दल तेव्हाचे राजकारणी काय म्हणाले, हे तपासताना तीच शिस्त पाळावी. आधी तारीख पाहावी, मग बोलणाऱ्याचे पद, आणि त्यानंतरच त्याचे मत.

वहीच्या पहिल्या पानावर मेरी ॲन निकोल्स (३१ ऑगस्ट), ॲनी चॅपमन (८ सप्टेंबर), एलिझाबेथ स्ट्राइड व कॅथरीन एडोज (दोघी ३० सप्टेंबर) आणि मेरी जेन केली (९ नोव्हेंबर) ही खून झालेल्या बायांची नावे लिहावीत. मारेकऱ्याचे ‘जॅक द रिपर’ हे टोपणनाव सर्वांना पाठ असते आणि या बायांची नावे कोणालाच आठवत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

त्यानंतर ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे, म्हणजे हॅन्सार्डचे, खंड उघडावेत. ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. सप्टेंबरच्या तारखा मात्र तिथे शोधत बसू नये, कारण ऑगस्टमध्ये स्थगित झालेली सभा नोव्हेंबरमध्येच पुन्हा भरली.

सर्वांत जास्त वेळ बक्षिसाच्या वादाला द्यावा. व्हाइटचॅपलचे लिबरल खासदार सॅम्युअल मोंटेग्यू यांनी स्वतःचे १०० पौंड देऊ केले आणि एडोज यांच्या खुनानंतर लंडन सिटीने, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागाच्या स्वतंत्र प्रशासनाने, ५०० पौंड जाहीर केले, तरी गृहमंत्री हेन्री मॅथ्यूज यांनी सरकारी बक्षीस नाकारले. लोकांनी त्यांना निष्ठुर ठरवले. पण बक्षिसासाठी निरपराध माणसाला स्फोटाच्या आरोपात गोवण्याचा कट उघडकीस आल्यामुळे ही प्रथा १८८४ मध्ये लिबरल गृहमंत्री हारकोर्ट यांच्याच काळात बंद झाली होती. माझ्या मते मॅथ्यूज यांचे तत्त्व बरोबर होते, ते लोकांच्या गळी उतरवणे मात्र त्यांना जमले नाही.

केली यांच्या खुनानंतर, प्रत्यक्ष खुनी सोडून इतर साथीदारांना माफी जाहीर झाली. ती आधीच्या खुनांना का लागू नाही, असे सभागृहात विचारले गेले, तेव्हा या प्रकरणात निदान गुन्ह्यानंतर तरी कोणी मदत केली असण्याचा संभव अधिक आहे, असे मॅथ्यूज म्हणाले. हे उत्तर उतरवताना ‘निदान’ आणि ‘संभव’ हे शब्द गाळू नयेत. ते गाळले की गृहमंत्र्यांना साथीदार ठाऊक होता, असा भलताच अर्थ निघतो.

पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांचा राजीनामाही असाच फसवतो. तो केली यांच्या खुनामुळे दिला असे सर्रास लिहिले जाते, पण तो आदल्याच दिवशी, मासिकातल्या लेखावरून गृहखात्याशी झालेल्या वादातून दिलेला होता. उलट राणी व्हिक्टोरिया यांची पंतप्रधान सॉल्सबरी यांना गेलेली तार खरोखरच त्या खुनानंतरची आहे. गल्लीबोळांत दिवे लावा आणि गुप्तहेर सुधारा, अशी तिची मागणी होती.

वहीत ‘मारेकरी कोण’ असा रकाना आखू नये. त्याऐवजी बक्षीस, पोलीस, दिवे आणि गरिबांची वस्ती असे चार रकाने आखून प्रत्येक उद्गार त्यांत तारखेसह उतरवावा.