बॉक्स पलंगासाठी गादी घेण्याआधी पलंग उघडून बघा

गादीच्या दुकानात आपण गादी दाबून बघतो, दोन मिनिटं आडवे होतो आणि दुकानदार पलंगाबद्दल फक्त साइज विचारतो. बॉक्स पलंगाला तेवढ्याने भागत नाही. इथे गादी सपाट प्लायवर पडते, तिला खालून हवा लागत नाही, आणि आतलं सामान काढायचं तर दर वेळी ती उचलावी लागते. दुकानात मऊ वाटलेली गादी घरी दगड का वाटते, हायड्रॉलिकचं झाकण अचानक जड का होतं, पावसाळ्यात गादीखाली काळे ठिपके का येतात, या सगळ्याचं उत्तर गादीखालच्या फळीत असतं. म्हणून सुरुवात तिथून करायची.

माप

सुताराने घरी येऊन बनवलेल्या पलंगाचं माप तयार गाद्यांच्या मापाशी जुळेलच असं नाही. ‘सहा बाय पाच’ म्हणून सांगितलेला पलंग प्रत्यक्षात ७२×६० इंच असतो, कधी ७५×६०. तयार गाद्या साधारण ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत आणि ३०, ३६, ४८, ६०, ७२ इंच रुंदीत मिळतात. दुकानात फूट बोलू नका, इंच सांगा.

जुनी गादी काढून फळीवर टेप लावा. जुनी गादी मोजू नका, ती वापराने पसरलेली किंवा आखडलेली असते. रुंदी तीन ठिकाणी घ्या, उशाशी, मध्ये आणि पायथ्याशी. लांबी दोन्ही बाजूंनी घ्या. पलंगाला गादी धरून ठेवणारा काठ असेल तर काठाच्या आतलं सगळ्यात कमी माप धरायचं आणि त्यातून अर्धा इंच सोडायचा. दोन्ही कर्णही मोजा. त्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर पलंग गुण्यात नाही, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नाहीत, आणि स्प्रिंगची ताठ गादी एका कोपऱ्यात अडणार. फोमची गादी थोडं सांभाळून घेते, स्प्रिंगची नाही.

लांबीचा हिशेब सोपा: घरातल्या सगळ्यात उंच माणसाची उंची अधिक सहा इंच. पाच फूट दहा इंचांच्या माणसाला ७२ इंची गादी म्हणजे पाय बाहेर.

जाडी ठरवताना जमिनीपासून फळीची उंची बघा. सामान मावावं म्हणून बॉक्स १६ ते १८ इंच उंच करतात, त्यावर आठ इंची गादी टाकली की बैठक २४–२६ इंचांवर जाते. पाच फूट दोन इंचांच्या बाईचे पाय मग अधांतरी राहतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला रात्री उठताना आधार मिळत नाही. काठावर बसल्यावर पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. १९–२१ इंच बहुतेक घरांना सोयीचं पडतं, त्यामुळे पलंग अजून बनायचा असेल तर सुताराला बॉक्स १४ इंचांचा करायला सांगा आणि सहा इंची गादी घ्या.

झाकण: हाताचं की हायड्रॉलिक

हा भाग बहुतेक जण गादी घरी आल्यावर शोधतात.

हाताने उचलायच्या पाट्यांचा जुना पलंग असेल, म्हणजे बोटं घालायला भोक असलेल्या दोन किंवा तीन फळ्या, तर गादी एका बाजूला दुमडून किंवा सरकवून पाटी काढावी लागते. स्प्रिंगची गादी दुमडायची नसते. आतली तारेची चौकट एकदा वाकली की सरळ होत नाही. इथे फोम, किंवा सरळ ३६ इंची दोन गाद्या घ्याव्यात. ७२ इंची पलंगावर शेजारी शेजारी ३६ च्या दोन गाद्या टाकल्या की एक माणूस एक गादी उचलून आपली पाटी उघडू शकतो. नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असेल तर दोन वेगवेगळ्या कडकपणाच्या गाद्याही घेता येतात. मधली फट खुपत असेल तर वरून दीड-दोन इंची एकसंध टॉपर, म्हणजे गादीवर टाकायचा पातळ थर, घाला. दुकानदार ही जोडी सहसा स्वतःहून सुचवत नाहीत, पण पाट्यांच्या पलंगाला यापेक्षा सोयीचं काही नाही.

हायड्रॉलिक पलंगात मामला वजनाचा असतो. दोन्ही बाजूंचे गॅसचे पंप एका ठरावीक वजनासाठी बसवलेले असतात. झाकणाची प्लाय, तिच्याखालची लोखंडी चौकट आणि गादी मिळून ते वजन होतं. ७५×६० ची १८ एमएम प्लायच ३० किलोंच्या वर जाते. वर १५ किलोंची फोमची गादी होती तोवर झाकण एका हाताने वर जायचं. तिच्या जागी ४० किलोंची आली की झाकण उचलताना कंबर भरते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते अर्ध्यावर थांबत नाही, खाली येतं. आत डोकं घालून गोधडी शोधणाऱ्या माणसाच्या मानेवर ते पडू शकतं. उलटही होतं: जड गादीसाठी बसवलेल्या पंपांवर हलकी गादी टाकली तर झाकण नीट बंदच होत नाही, फट राहते.

पंपावर ‘८०० एन’, ‘१२०० एन’ असा आकडा छापलेला असतो. तो न्यूटन आहे, आणि १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. पण १००० न्यूटनचा पंप १०० किलोंचं झाकण उचलतो असं समजू नका. पंप बिजागरीच्या जवळ बसतो आणि वजन तिच्यापासून लांब असतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो यापेक्षा बरंच कमी वजन उचलतो. म्हणून आकडेमोडीपेक्षा पलंगवाल्याला सरळ विचारा की किती किलोंच्या गादीसाठी पंप दिलेत. गादी आधीच ठरली असेल तर तिचं वजन त्याला सांगा आणि त्याप्रमाणे पंप बदलून घ्या. पंप चार-सहा वर्षं जुने असतील तर त्यांतला जोर कमी झालेला असू शकतो. बदलताना जोडीनेच बदला, नाहीतर झाकण तिरकं उचललं जातं आणि बिजागरी खिळखिळी होते.

आणखी एक. झाकण पायथ्याकडून वर जातं तेव्हा गादीची उशाकडची वरची कड हेडबोर्डवर दाबली जाते. सहा इंची गादीला हे फारसं जाणवत नाही, दहा इंची गादी मात्र हेडबोर्डला अडते आणि कापड तिथेच फाटायला लागतं.

आत काय भरलंय

फोमच्या गादीत ‘डेन्सिटी’ हा शब्द सारखा ऐकायला येतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोंत, त्यामुळे ती वजनकाट्यावर तपासता येते. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत गुणा आणि ६१,०२४ ने भागा, म्हणजे घनमीटर मिळतात. ७५×६०×६ ची गादी ०.४४ घनमीटर भरते. चाळीस डेन्सिटीच्या फोमची असेल तर ती १८ किलोंच्या आसपास हवी, वर कापडाचे एक-दोन किलो. विक्रेता चाळीस म्हणतोय आणि गादी बारा किलोंची आहे, तर सगळा फोम चाळीसचा नाही. वरच्या थराला चाळीस आणि खाली हलका फोम भरलेला असतो. थर किती इंचांचे आणि प्रत्येकाची डेन्सिटी किती, हे बिलावर लिहून मागा. वजन वाढवायला स्वस्त फोममध्ये खडूची भुकटीही मिसळतात. असा फोम चोळला की पांढरी पूड हाताला लागते आणि तो लवकर भुगा होतो.

रोज वापरायच्या पलंगाला साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्यायचाच तर ३२ डेन्सिटीच्या खाली जाऊ नका. एचआर, म्हणजे दाबून लगेच वर येणारा जास्त लवचीक फोम, ४० चा मिळाला तर उत्तम. रिबाँडेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला लगदा, डेन्सिटी १०० च्या आसपास. वरच्याच मापात तो ४४ किलो भरतो. कडक असतो, काठावर बसून बसून दबत नाही, म्हणून दिवसा पलंगाचाच सोफा होतो अशा घरात तो चांगला. पण पूर्ण रिबाँडेड गादी प्लायवर टाकली तर पाठीला फरशी. खाली चार इंच रिबाँडेड आणि वर दोन इंच मऊ एचआर किंवा लेटेक्स (रबराचा फोम), ही मांडणी जमते.

काथ्याची, म्हणजे रबर फवारलेल्या नारळाच्या काथ्याची गादी हवेशीर असते आणि उकाड्यात बरी वाटते, पण नितंबांखाली काही वर्षांत खड्डा पडतो. लेटेक्स टिकतो, दबून लगेच वर येतो, पण जड: ७८×७२ ची आठ इंची गादी साठ किलोंच्या घरात जाते. हायड्रॉलिकवाल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो, विदर्भाच्या मे महिन्यात त्यात माणूस रुततो. एसी लावून झोपणाऱ्यांनी घ्यावा, तोही वरचा दोन इंचांचा थर म्हणून.

स्प्रिंगमध्ये बोनेल आणि पॉकेट. बोनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जखडलेल्या, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. पॉकेटमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या पिशवीत वेगळी. सपाट प्लाय पॉकेट स्प्रिंगला उलट मानवते, पाट्यांमधली फट नसल्याने गादी समान टेकते. स्प्रिंगची गादी आठ इंचांखाली घेऊ नये, म्हणजे पुन्हा पलंगाच्या उंचीचा हिशेब आला.

कापसाची गादी मोडीत काढू नका. प्लायवर ती छान बसते, दुमडते, उन्हात टाकता येते, आणि कापूस बसला की पिंजून पुन्हा भरून घेता येतो. पिंजारी मिळणं मात्र शहरात अवघड झालंय.

कडक की मऊ

‘पाठ दुखते, कडक गादी घ्या’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला होता. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. बॉक्स पलंगाच्या प्लायवर प्रत्येक गादी दुकानातल्यापेक्षा थोडी कडकच लागते, त्यामुळे दुकानात ‘अगदी बरोबर’ वाटलेल्यापेक्षा किंचित मऊ घेणं इथे शहाणपणाचं. शक्यतो दुकानदाराला गादी सपाट फळीवर टाकून दाखवायला सांगा.

मग उताणे झोपून कंबरेच्या पोकळीत हात घाला. हात आरपार सहज गेला तर गादी तुमच्यासाठी कडक, आत शिरतच नसेल तर मऊ. थोडं घासत गेला तर योग्य. कुशीवर झोपणाऱ्यांनी दहा मिनिटं कुशीवर पडून बघावं, खांद्याला मुंग्या आल्या तर वरचा थर जास्त मऊ हवा. ऐंशी किलोंच्या वर वजन असेल तर पाच इंची गादी पाच इंच राहत नाही, प्लाय लागतेच. त्यांनी सहा इंचांच्या खाली जाऊ नये, आठ मिळाली तर घ्यावी.

खालची ओल

झोपेतला घाम आणि हवेतली दमट वाफ गादीतून खाली उतरते आणि सनमायका लावलेल्या फळीवर अडते. तिला जायला जागा नसते. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये गादीच्या पोटाला बुरशी धरते ती यामुळेच, छत गळत नसलं तरी. सुताराकडून फळीला इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या, दर आठ इंचांवर एक, चौकटीच्या पट्ट्या सोडून. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर कापडाला धागे सुटतात. फळी सनमायकाची असेल तर गादी सरकते, तिच्याखाली जाळीदार अँटी-स्लिप मॅट टाका. रबरी किंवा प्लास्टिकचा सलग तुकडा नको, तो भोकं बुजवतो.

नवी गादी आलेल्या प्लास्टिकमध्येच ठेवून वर चादर घालायची सवय काही घरांत असते. गादी टिकावी म्हणून केलेलं हेच गादी सडवतं. प्लास्टिक पहिल्या दिवशी काढा आणि धुता येणारं, हवा खेळणारं कव्हर घाला. बॉक्समध्ये डांबरगोळ्या टाकायच्या असतील तर थोड्याच, भोकांतून त्यांचा वास थेट गादीत चढतो. कापसाची गादी उन्हात, फोम आणि लेटेक्सची सावलीत वाऱ्यावर. ऊन लागलं की फोम पिवळा पडतो आणि त्याचा चुरा व्हायला लागतो.

परदेशातला बॉक्स-स्प्रिंग

परदेशी राहायला जाणाऱ्यांना ‘बॉक्स’ हा शब्द फसवतो, तिथे तो सामानाचा पलंग नसतो. अमेरिकेत बॉक्स-स्प्रिंग म्हणजे गादीखालची कापडाने मढवलेली चौकट, साधारण नऊ इंच उंच, किंवा पाच इंची बुटकी. त्यात खऱ्या स्प्रिंगा असतील तर वर स्प्रिंगचीच गादी घाला. फोम किंवा लेटेक्सची गादी त्यात लवते, तिला घट्ट पट्ट्यांचा आधार लागतो. तिथली क्वीन ६०×८० इंचांची असते, म्हणजे इथून नेलेली ७८ इंची गादी किंवा इलॅस्टिकची चादर दोन इंच कमी पडते. जर्मनी-नेदरलँड्समध्ये बॉक्सस्प्रिंग म्हणजे खाली स्प्रिंगचा खोका, वर गादी आणि त्यावर टॉपर असा तीन थरांचा पलंग, मापं १४०×२००, १६०×२००, १८०×२०० सेंटिमीटर. १८० च्या पलंगात बहुधा ९० च्या दोन गाद्या आणि वर एक टॉपर असतो. गाद्यांवरचे एच२, एच३ हे कडकपणाचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे एका कंपनीची एच३ दुसरीच्या एच३ शी जुळेल असं धरू नका.

गादी आल्यावर

गुंडाळून आलेली फोमची गादी उघडल्यावर पूर्ण जाडी धरायला एक ते तीन दिवस घेते. तोवर खिडकी उघडी ठेवा, वास जातो. तिसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांत जाडी मोजा. हायड्रॉलिक असेल तर झाकण ४५ अंशांवर नेऊन एका हाताने आधार देत पकड सैल करा. ते जागेवर थांबलं पाहिजे, खाली येत असेल तर पंप बदलेपर्यंत कोणालाही आत वाकू देऊ नका. वॉरंटीचं लेबल कापू नका आणि खड्डा किती इंच पडला तर ती लागू होते, हे आधीच वाचून ठेवा. एक-दीड इंचाची अट सर्रास असते आणि गादीवर डाग असेल तर बऱ्याच कंपन्या दावा घेत नाहीत. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला करा. उलटी मात्र दोन्ही बाजूंनी वापरायची म्हणून विकलेली गादीच करायची. वर मऊ थर असलेली गादी पालटली तर रिबाँडेड पाठीखाली येतो.