सम्प लावताय? आधी लाइट गेल्यावरचा हिशेब करा

गोल्डफिश पाळणाऱ्यांना मी नेहमी सम्पच लावायला सांगते. हे मासे खातात भरपूर आणि घाणही तशीच करतात. टाकीला अडकवलेला छोटा फिल्टर त्यांना पुरत नाही. सम्प म्हणजे खाली कॅबिनेटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपने खाली उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. पण काच कापायला देण्याआधी एक ठरवा: लाइट गेली की वरून किती पाणी खाली येणार?

माझी टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण 250 लिटरची. तिच्यातली पातळी 1 सेंटिमीटर उतरली की साडेपाच लिटर पाणी गेलं. पंप थांबला की परतीचा पाइप उलटा ओढायला लागतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत ओढतच राहतो. 4 सेंटिमीटर धरा, 22 लिटर झाले. 3 बाय 1 फुटाच्या सम्पमध्ये तेवढ्याने पाणी 8 सेंटिमीटर चढतं. म्हणून माझा सम्प 15 इंच उंच असला तरी आतली पार्टिशन्स 10 इंचांचीच आहेत. वरची जागा वाया जातेय असं दुकानदार म्हणेल. ऐकू नका.

ही ओढ तोडायला परतीच्या पाइपला, पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली, 4 मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि पाणी थांबतं. आमच्या बोअरच्या पाण्याने भोकावर क्षार धरतात, म्हणून दर आठवड्याला टूथपिक घालून ते मोकळं करते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेच्या, भरवशावर राहू नका. शेवाळ किंवा बारकी गोगलगाय अडकली तरी तो पुरता मिटत नाही.

पाणी उतरायला कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स (वरचं पाणी ज्यात सांडतं तो कप्पा), तळाला टँक निपल (काचेच्या भोकात बसणारा पाइपचा जोड) आणि सव्वा इंची पीव्हीसी पाइप. भोक टाकी बनवणाऱ्याकडूनच पाडून घ्या. टफन्ड काचेला भोक पाडायला गेलात तर तिचा चुरा होतो.

सम्पच्या पहिल्या कप्प्यात फिल्टर वूल आणि स्पंज, मधल्या मोठ्या कप्प्यात सिरॅमिक रिंग्ज, शेवटी पंप. पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवा. खाली उतरणारा पाइप तुंबला तर पंप फक्त त्या कप्प्यातलंच पाणी वर फेकू शकतो. माझ्याकडे ते 12 लिटर, म्हणजे वर जेमतेम 2 सेंटिमीटर. टाकीचा काठ तेवढं सहज सांभाळतो. उन्हाळ्यात आटलेलं पाणीही याच कप्प्यात दिसतं, तिकडे रोज नजर टाका.

पाणी तासाला चार-पाच वेळा फिरायला हवं, म्हणजे 1000 ते 1250 लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र पाणी अजिबात वर न चढवतानाचा असतो. 4 फूट चढवायचं तर 2000 लिटरच्या वरचाच पंप घ्या.

सगळं जोडलं की मासे न सोडता पंप चालू करा, पाणी स्थिर होऊ द्या आणि प्लग काढा. सम्प काठापासून 2 इंच तरी खाली थांबला पाहिजे. नाही थांबला तर पाणी काढा, पुन्हा करून बघा. जमलं की पंप चालू असतानाच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर पाणी कधीच भरायचं नाही, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू रिंग्जवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा मासे थोडे थोडे वाढवा. रिंग्ज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळा. वूल मात्र बिनधास्त फेकून नवीन टाका.