बाजारपेठ जगवायची तर आधी ‘नाही’ची वही घाला

तालुक्याच्या पेठेतलं गिऱ्हाईक दोन रुपयांच्या फरकाने तुटतंच असं नाही. यादीतल्या दहा वस्तूंपैकी सात मिळाल्या, उरलेल्या तीनसाठी ते हायवेवरच्या मोठ्या दुकानात गेलं, की पुढच्या खेपेला दहाही तिथूनच घेतं. म्हणून सवलतीचे बोर्ड लावण्याआधी, आपण दिवसाला कितीदा ‘नाही’ म्हणतो ते मोजा.

प्रत्येक दुकानात गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. चार रकाने: तारीख, वस्तू, नेमकं माप, गिऱ्हाईक कुठल्या वाडीचं. ‘नाही’ म्हटल्याबरोबर लिहायचं. रात्री आठवून लिहायला बसलं की निम्मं सुटतं. मापाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं ‘कुकरचं रबर’ लिहून काही उपयोग नाही. कंपनी कुठली, किती लिटरचा, झाकण आतून बसतं की बाहेरून, हे लिहिलं नाही तर भलतंच रबर येतं आणि खोक्यात पडून कडक होतं.

आठवड्यातून एकदा सगळ्यांच्या वह्या एकत्र बघा. जी वस्तू तीनदा मागितली गेली, ती कोणीतरी एकाने ठेवायची. बाकीच्यांनी गिऱ्हाईकाला ‘थांबा, पलीकडे विचारतो’ म्हणून तिथल्या तिथे फोन लावायचा. योजना मोडते ती बहुधा इथेच: एकाने माल आणला आणि खपतोय असं दिसताच शेजाऱ्यानेही तोच भरला. मग दोघांचे पैसे अडकतात, आणि पहिला पुन्हा नवीन काही आणायच्या भानगडीत पडत नाही. भाव मात्र ज्याचा त्याने ठरवावा, त्यात व्यापारी मंडळाने पडू नये.

दुपारी एक ते चार अख्खी पेठ बंद, हा कोकणातला जुना रिवाज. पण तहसीलच्या कामाला आलेली माणसं नेमकी त्याच वेळी मोकळी असतात आणि परतीच्या एसटीपर्यंत बंद शटरं बघत बसतात. किराणा, मेडिकल, स्टेशनरी, हार्डवेअर, प्रत्येकातलं एक दुकान पाळीने उघडं ठेवा. महिन्याचा तक्ता स्टँडजवळ लावा आणि प्रत्येक पाळीला बदली दुकानाचं नाव आधीच लिहून ठेवा. तक्त्यावर नाव आणि दुकानाला कुलूप असं दोनदा झालं, की तिसऱ्यांदा कोणी फिरकत नाही.

चतुर्थीचा माल ही खरी परीक्षा. पावसात आंबोली, फोंडा, गगनबावडा यांपैकी कुठल्या घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. कापड, दिव्यांच्या माळा, पूजेचं न बिघडणारं सामान जुलैअखेर आत घ्या. रवा, बेसन, मैदा मात्र आठ-दहा दिवस आधीच. त्याआधी भरलात तर ओल धरून जाळी होते. पोती जमिनीपासून चार इंच वर फळ्यांवर आणि भिंतीपासून अर्धा फूट सुटी ठेवा.

चार-पाच दुकानांनी मिळून टेम्पो केला तर भाडं निम्म्याच्या खाली येऊ शकतं. जड मालाचं भाडं वजनावर वाटा, प्लॅस्टिक-सजावटीचं जागेवर. सरसकट वजन धरलं की साखर-तांदूळवाला ओरडतो, आणि त्याचं बरोबरच असतं. बिलं ज्याच्या त्याच्या जीएसटी क्रमांकावर घ्या. एकाच्या नावावर सगळ्यांचं बिल फाडलं तर बाकीच्यांना कराची वजावट मिळत नाही. ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन कागद, किती रकमेच्या वरच्या मालाला लागतं तेही लक्षात असू द्या: राज्यातल्या राज्यात, म्हणजे कोल्हापूरहून, १ लाख रुपये, बेळगावहून आणलात तर ५० हजार.

चाकरमान्यांना आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं पाकिटात लागतात. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना व वर्ष, कमाल किंमत, तक्रारीचा फोन आणि अन्न परवान्याचा क्रमांक हवाच. आमसुलं मिठामुळे हवेतली ओल ओढतात. पुरती न सुकवता सील केलीत तर पिशवीत पाणी सुटतं आणि तेच पाकीट मुंबईला जाऊन तुमचं नाव घालवतं.

बंद पडलेल्या दुकानाचा ओटा माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या सजावटीचं, सामान आणि रानभाजी विकणाऱ्या बायकांना द्या. दुकान चालवायला देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच; तोंडी बोलीच्या भीतीने कित्येक घरमालक शटर उघडतच नाहीत.

शेवटी विमा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पुराखाली गेली. पॉलिसीत पूर आणि वादळ आहे का, ते स्वतः वाचा. रक्कमही चतुर्थीच्या भरलेल्या मालाएवढी ठेवा. माल १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीवर सरासरीच्या अटीने (मालाच्या जेवढ्या हिश्शाचा विमा, तेवढ्याच हिश्शाची भरपाई) १ लाखच हाती येतात. खरेदीची बिलं आणि स्टॉकची वही दुकानातच भिजली तर तेवढंही सिद्ध करणं अवघड. दर शनिवारी त्यांचे फोटो काढून घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवत जा.