गेमिंग पीसी डिस्प्ले देत नाहीये? कॅबिनेट उघडायच्या आधीची तयारी

नवीन ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम टाकली आणि स्क्रीन काळी, की घरात लगेच 'पार्ट खराब निघाला' सुरू होतं आणि पीसी उचलून आमच्या इंदूरचे लोक आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलला, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, निघतात. थांबा जरा. माझं ठाम मत आहे की नव्याने जोडलेल्या मशीनमधे पार्ट खरंच मेलेला कमी वेळा असतो, पार्टांचं आपसात जमत नसतं हेच जास्त, आणि ते घरी बसून कळतं, फक्त तयारी नीट हवी.

पहिलं काम, मशीनमधलं सगळं पूर्ण नावानिशी लिहून काढा. नुसतं 'रायझन ५' नको, ५६०० की ५६००जी ते लिहा, कारण जीमधे ग्राफिक्स आहे आणि साध्या ५६०० मधे नाही, इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तरी तेच, आणि अशा प्रोसेसरवर केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली तर रात्रभर बसलात तरी काही दिसणार नाही, केबल कार्डलाच लागते. बोर्डचं नाव बोर्डवरच छापलेलं असतं, टॉर्च मारून फोटो काढा, बाजूचा रिव्हिजन नंबरही त्यात येऊ द्या. रॅम आणि एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्टिकरचेही फोटो हवेत.

मग बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी उघडा. प्रत्येक प्रोसेसरसमोर लिहिलेलं असतं की तो बायोसच्या (बोर्डमधलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) कुठल्या आवृत्तीपासून चालतो, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. सुदामानगरला माझ्या मित्राच्या मुलाने जुन्या बी४५० बोर्डवर ५६०० बसवला, पंखे फिरायचे, डिस्प्ले नाही, दुकानदार म्हणाला "प्रोसेसर डेड है भिया". घरी आणून जुना प्रोसेसर परत लावला, बायोस अपडेट केलं, आणि तोच डेड प्रोसेसर पहिल्या झटक्यात चालू! पोरगं दोन दिवस तोंड पाडून बसलं होतं हो, वाईट वाटतं अशा वेळी. काही बोर्डांवर मागे बायोस फ्लॅशचं बटण असतं, त्याला प्रोसेसरही लागत नाही. त्यासाठी एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह तयार ठेवा, फाइलचं नाव मॅन्युअलमधे सांगितलंय अगदी तसंच द्या, आणि अपडेट चालू असताना लाइट जायला नको म्हणून मशीन यूपीएसवर घ्या.

रॅमचं सोपं आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) फक्त डीडीआर५ चालते, पण इंटेलच्या एलजीए१७०० मधे दोन्ही तऱ्हेचे बोर्ड मिळतात, म्हणून बोर्डचं नाव बघूनच रॅम घ्या. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं घेते, स्क्रीन काळीच राहते आणि माणूस घाबरून पॉवर बंद करतो, तसं करू नका, दहा मिनिटं हात बांधून बसा. टेस्ट होईपर्यंत एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधली सेटिंग) बंद.

पॉवरचा हिशोब आधीच करून ठेवा. कार्ड बसतं तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ७५ वॉट देतो, कार्डची ८ पिनची केबल १५० वॉट. सीपीयूची केबल ४+४ असते, कार्डची ६+२, दिसायला सारख्या वाटल्या तरी वेगळ्या आहेत. आणि कळकळीने सांगतो, मॉड्युलर (केबल सुट्या निघतात अशा) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका, एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिना सारख्या असतीलच असं नाही, हार्डडिस्क, एसएसडी क्षणात जळतात. यूपीएसचंही बघून घ्या, ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, गेम चालू असताना लाइट गेली की मशीन बंद पडतं ते कधी कधी एवढ्यामुळेच. कार्डची लांबी, कूलरची उंची मिलिमीटरमधे मोजून कॅबिनेटच्या आकड्याशी ताडून बघा, झालं.

सामान काढून ठेवा: चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्ट, जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोर्डवरचा सीआर२०३२ चा नवा सेल. एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट, ५६०० यातलाच) मधे पिना प्रोसेसरलाच असतात, म्हणून कूलर सरळ वर ओढायचा नाही, आधी हलका फिरवून मोकळा करायचा, नाहीतर प्रोसेसरही सोबत उपटून येतो आणि पिना वाकतात.

मग कार्ड काढा (प्रोसेसरमधे ग्राफिक्स असेल तरच), एकच रॅम ठेवा, सेल काढून बायोस रिसेट करा आणि बोर्डवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट यातला कुठला दिवा पेटूनच राहतो त्याचा व्हिडिओ काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदललं की लिहा.

एवढं करूनही नाही जमलं तर जा सिल्वर मॉलला, पण बिल, बॉक्स आणि तो व्हिडिओ घेऊन जा, आणि दुकानात दुसरी रॅम तुमच्यासमोरच लावून बघायला सांगा.