दोन जुन्या टूरिंग बाइक्स, एकच निवडायची आहे

पहिलं काम घरीच, गाडी बघायला निघण्याआधी. आत्ताच्या गाडीवर लांबच्या प्रवासात नेमकं काय खुपतं, ते कागदावर लिहून काढा. तीनशे किलोमीटरनंतर पाठ धरते, मागे बसणाऱ्याचे गुडघे अवघडतात, छातीवर वारा आदळतो, सामान दोरीने बांधावं लागतं. लिहायला काही सुचलंच नाही, तर नवी गाडी फक्त मनात भरली आहे असं समजा. त्यात गैर काही नाही. पण मग खर्चाचा हिशेब आणखी कडक ठेवा.

समजा, निवड यामाहा एफजेआर १३०० आणि बीएमडब्ल्यू आर १२०० आरटी यांच्यात आहे. जुन्या बाजारात ही जोडी बऱ्याचदा समोरासमोर येते. दोन्हींना साखळीऐवजी शाफ्ट, म्हणजे मागचं चाक फिरवणारा दांडा, आहे आणि दोन्हींची टाकी पंचवीस लिटरच्या आसपास. फरक पोटात आहे. एफजेआरचं चार सिलिंडरचं इंजिन व्हॉल्व्हच्या फटीची तपासणी सुमारे ४२,००० किलोमीटरला मागतं, २०१३ पर्यंतची आरटी दर १०,००० ला. आकडे पाहून एफजेआर स्वस्त वाटेल. पण आरटीचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असल्याने कव्हर काढलं की हात पोचतो, हौशी माणूस घरीही ते काम करतो. एफजेआरची टाकी आणि बरंच प्लास्टिक उतरवावं लागतं. म्हणून ४०,००० चाललेली एफजेआर दिसली की पहिला प्रश्न हा: ही तपासणी झाली आहे का, आणि बिल कुठे आहे? ‘आवाज येत नाही म्हणजे ठीक आहे’ हे उत्तर धरू नका. व्हॉल्व्ह घट्ट होतात तेव्हा आवाज उलट कमी होतो.

२०१३ पर्यंतच्या आरटीला कोरडा, म्हणजे तेलात न बुडलेला, क्लच आहे. तो बदलायचा तर गाडीचा मागचा अर्धा भाग वेगळा करावा लागतो, त्यामुळे क्लच चालवून बघितल्याशिवाय आरटीचा सौदा नको. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम रेस द्या. इंजिन भिरभिरलं आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच घसरतोय.

मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोलत बोलत इंजिनला हात लावा. कोमट लागलं, तर थंडीत ती नीट सुरू होत नसावी, अशी शंका मी घेतो.

सोबत टॉर्च, मल्टिमीटर, जुनं फडकं आणि नेहमी मागे बसणारी व्यक्ती न्या. शेवटचं सामान लोक हमखास विसरतात. मी एकदा विसरलो. गाडी घेतली, आणि पहिल्याच सहलीत मागून अर्ध्या तासाने पाठीवर बुक्के बसू लागले. सहा महिन्यांत विकली.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालेलं असतं. टायरची जोडी हिशेबात धरा. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन रेसवर असताना १४ च्या जवळ. तिथे आकडा चढत नसेल, तर चार्जिंगमध्ये घोळ आहे. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडखळलं तर बेअरिंग गेलं. एफजेआरच्या फोर्कवर तेलाचा ओघळ शोधा. आरटीला पुढे टेलिलिव्हर, म्हणजे बीएमडब्ल्यूची एकाच शॉकअपची सस्पेन्शन रचना, आहे, त्यामुळे तिथे मधल्या एकाच शॉकअपवर टॉर्च मारा. मग तिचं मागचं चाक वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर फायनल ड्राइव्हचं, म्हणजे शाफ्टच्या टोकाला चाक फिरवणाऱ्या गिअरपेटीचं, बेअरिंग संशयित. पेट्यांची कुलुपं दोन्ही गाड्यांची बघा.

मग इंजिन बंद ठेवून गाडी स्वतः मागे ढकला, जमलं तर किंचित चढावर. एफजेआर भरल्या टाकीने २९० किलोच्या घरात, आरटी तिच्याहून बरीच हलकी. गाडी पळताना हा फरक विरघळतो. सामान लादून, दमलेल्या पायांनी, खडीवर गाडी वळवताना मात्र तो पुरता जाणवतो. चाचणीची फेरी दोन्हींवर एकाच रस्त्याने आणि सारख्याच वेळाची घ्या. एकीवर दहा मिनिटं आणि दुसरीवर तासभर, अशी तुलना होत नाही.

कागदांत चेसिस नंबर फ्रेमवरच्या नंबराशी ताडा आणि त्या नंबरावर निर्मात्याचं एखादं रिकॉल (दोष निघाल्यावर दुरुस्तीसाठी परत बोलावणं) बाकी आहे का, ते विचारा. नोंदी सलग असलेली ६०,००० ची गाडी मी डोळे मिटून घेईन. पाच वर्षं झाकून ठेवलेल्या १५,००० च्या गाडीकडे मात्र दोनदा बघेन, कारण सील वाळतात, पेट्रोल चिकट होतं आणि ब्रेक ऑइल कोणीच बदललेलं नसतं. तेही दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

शेवटी प्रत्येकीच्या किमतीत टायर, बॅटरी, राहिलेली सर्व्हिस हे सगळं मिळवा आणि त्या दोन बेरजा समोरासमोर ठेवा. फरक किरकोळ असेल, तर मागे बसणाऱ्याला विचारा.