कॅनिस्टर फिल्टर: धुवायचा किती, सोडायचा किती

आमची टाकी 3 फुटी, पाणी साधारण 150 लिटर, आणि आत गोल्डफिश. गोल्डफिश दिवसभर खातात आणि तितकीच घाण करतात, त्यामुळे फिल्टर दांडगाच घ्यावा लागतो: कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा, ज्यातून पंप पाणी गाळून फिरवतो. तासाला टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा बघा. खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. मीडिया (स्पंज, रिंग्ज असं गाळायचं सामान) भरून त्यात गाळ बसला की प्रवाह बराच उतरतो.

डबा टाकीच्या खाली, कपाटात उभा ठेवायचा. पाणी सायफनने आपोआप खाली येतं, पंप ते फक्त वर ढकलतो. पाणी शिरतं त्या बाजूला आधी जाड स्पंज, मग बारीक, मग सिरॅमिक रिंग्ज. वायरीला प्लगखाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

धुण्याची तारीख ठरवू नका, आउटलेटची धार बघा. ती मंदावली की वेळ झाली. आमच्याकडे दीड-दोन महिन्यांनी येते.

आधी प्लग काढायचा. मग दोन्ही कॉक बंद, मग पाइपचा जोड सुटा करायचा. हा क्रम चुकला तर हॉलमध्ये तळं. त्यानंतर टाकीतलंच बादलीभर पाणी काढून घ्या, कारण सगळी धुलाई त्यातच करायची आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि माशांच्या मूत-शेणातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्याने मरतात. रिंग्जवरच्या तपकिरी बुळबुळीत थरातच ते जिवाणू राहतात. आमच्या मावशी एकदा तो बघून घासणी घेऊन सरसावल्या होत्या, त्यांना वेळीच अडवलं! रिंग्ज बादलीत दोनदा बुचकळल्या की पुरे. स्पंज मात्र पिळा, पाणी काळा चहा होईस्तोवर. बारीक गाळ अडवणारा फिल्टरचा कापूस घातला असेल तर तो फेकून नवा घाला. स्पंज आणि रिंग्ज एकाच दिवशी बदलायच्या नाहीत.

लोक विसरतात तो इम्पेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा. पंपाचं झाकण फिरवून काढा, चुंबकाचा पंखा अलगद ओढा. त्याच्या बिळात शेवाळी चिकटा, वनस्पतीचे धागे, कधी एखादी गोगलगाय अडकलेली असते. फिल्टर घरघर करतो तो बहुतेकदा यामुळेच. जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने पुसा. मधली दांडी सिरॅमिकची असेल तर जोर लावला की मोडते. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे क्षार बसले असतील तर पंखा थोडा वेळ व्हिनेगरमध्ये टाकून स्वच्छ खळबळून घ्या.

ओ-रिंगच्या (डब्याच्या झाकणाखालच्या रबरी रिंगच्या) खाचेत वाळूचा एक कण राहिला तरी डबा गळतो. बोट फिरवून बघा, रिंगला सिलिकॉन ग्रीस चोळा, चारही क्लिपा लावा.

आता पाइप जोडून कॉक उघडा आणि प्रायमिंगचं (डब्यात पाणी ओढून घ्यायचं) बटण दाबत डबा पूर्ण भरू द्या. प्लग त्यानंतरच. सुरुवातीला गुडगुड आवाज येईल, डबा थोडा कलता करून हलवला की अडकलेली हवा निघून जाते. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, थेंब गळला तर लगेच कळतो.

वीज गेली तर दुसरीच गोष्ट. बंद डब्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरायला लागतात, पाणी कुजतं. काही तास वीज नसेल तर आल्यावर फिल्टर तसाच चालू करू नका. डबा उघडून आतलं पाणी ओतून द्या, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळा, मग लावा. आणि त्या दिवशी माशांना खाणं निम्मंच.